व्याह्यांचे ओक

मंडळी, आज टेक्ससमध्ये व्याह्यांच्या शिकारीच्या रानात ओकची रोपं लावून आलो. ते पक्के शिकारी, आम्ही शाकाहारी. लेकीच्या लग्नापासून दोघंही हा विषय टाळतो.

ओकची फळं खायला हरणं येतात म्हणे. पण प्रत्येक रोपाला त्यांनी प्लास्टिकची उंच नळी घातली, नाहीतर कोवळी रोपं हरणंच फस्त करतात.

"फळं कधी धरतील?" मी विचारलं.

"वीसेक वर्षांनी."

व्याही पंच्याहत्तरीचे आहेत.

"मग तुमची शिकार?"

"माझी कुठली? हरणांचं पोट भरेल ना."

मी सवयीने शेवटच्या रोपाला वाकून नमस्कार केला. वर बघतो तर व्याह्यांनीही टोपी काढून छातीशी धरलेली.

आता या माणसाला नुसतं शिकारी कसं म्हणू, तुम्हीच सांगा.