अखाजीची ओळ

माझ्या वडिलांनी, आबांनी, आयुष्यात कधी कम्प्युटरला हात लावला नाही. पण माझ्या मॉडेलमधली एक ओळ त्यांनी हट्टाने लिहून घेतली होती. ती ठेवायची की खोडायची, एवढाच यंदाच्या उन्हाळ्यात माझ्यापुढे प्रश्न होता. ऐकणाऱ्याला हसू येईल. मला रडू आलं.

ब्राह्मणपुरीला घरामागेच आमची केळीची बाग. मी पुण्यात सिम्युलेशनचं काम करते. पडद्यावर चौकोन मांडायचे, रेघांनी जोडायचे: विहीर, पंप, माती, ऊन. मॉडेल चालवलं की पाणी कधी कमी पडतंय ते आलेखात दिसतं. आमच्या बागेचंही तसं मॉडेल केलं आणि त्याचाच प्रोग्राम पंपाच्या कंट्रोलरला जोडून दिला. बाकीचे चौकोन तयार मिळाले. पण शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, असला चौकोन कोण कशाला बनवेल? तिथे मी स्वतःचं फंक्शन लिहून बसवलं. तारीख आत जाते, पंप चालू की बंद ते बाहेर येतं.

आबा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "अखाजीले बंद ठेवस ना हाई?"

अक्षय्यतृतीया ही आमची अखाजी. लेकी माहेरी येतात. झोके, आमरस, मांडे. त्या दिवशी आबा बागेत पाऊल टाकत नसत. मी वैतागलेच. "आबा, भर उन्हात केळीचं पाणी तोडायचं? अहो, आपोआप चालतो हा, तुम्हाला जावंसुद्धा लागणार नाही!"

"मन्ही पोर घर येस आन मन्हा कान पंपकडे ठेवू का मी?"

घ्या! लिहिली ओळ. अखाजी असेल तर शून्य, म्हणजे पंप बंद. तिथी दरवर्षी सरकते, म्हणून आबा कॅलेंडर बघून फोनवर दिवस आणि महिना सांगायचे, मी तो फंक्शनमध्ये भरायची. माझं आमंत्रण तेच. एका वर्षी मला रजाच मिळाली नाही. म्हटलं, "मी येत नाहीये, पंप सुरू करून टाका." तर म्हणे, "फंक्शनमा तसं कोठे लिखेल शे?" दिवसभर ओट्यावर बसून होते, असं चुलतभावाने नंतर सांगितलं.

आबा गेल्या पावसाळ्यात गेले. आई त्याआधीच गेली होती. बाग आता हा चुलतभाऊ बघतो. यंदा अखाजीला मी गेले ती आबांच्या नावाची घागर भरायला. गेलेल्या माणसासाठी त्या दिवशी पाण्याची घागर मांडतात आमच्याकडे. घागरीवर खरबूज ठेवलं, हात जोडले. मागून पंपाचा आवाज येत होता. माझ्या डोक्यात काहीच आलं नाही.

पुण्याला परतले आणि काही दिवसांनी चुलतभावाचा फोन. "ताई, लाईट शे, विहीरमा पानी शे, तरी पंप चालू व्हत नही! केळीना पानं करपी ऱ्हायनात."

लॅपटॉप उघडला. सगळ्या रेघा जागच्या जागी. मग फंक्शन उघडलं. अखाजीची तारीख गेल्या वर्षीचीच होती. यंदा सांगायला कुणाचा फोन आला नाही, मी भरली नाही. खऱ्या अखाजीला पंप बिनधास्त चालला. आणि आज, कसलाही सण नसताना, आबांनी शेवटची सांगितलेली तारीख उजाडली म्हणून तो बंद होता. बाग उन्हात उभी होती आणि पोर पुण्यात होती.

"ती ओळच काढी टाक ना, ताई," चुलतभाऊ म्हणाला. "यंदा भलतं ऊन शे."

त्याचं काय चुकलं? त्याला केळी जगवायची होती.

ओळ खोडली. मॉडेल पुन्हा चालवलं. अखाजीच्या जागी आलेखात दरवर्षी एक खड्डा दिसायचा, तो नाहीसा झाला. किती वेळ मी त्या सरळ रेघेकडे बघत बसले, देव जाणे. मग प्रोग्राम पाठवून दिला.

त्याचा लगेच फोन आला. मागे पंप घरघरत होता. "झाया चालू! पुढली अखाजीले येजो हं, ताई."

"येईन," मी म्हणाले. "कधी आहे ते तेवढं फोन करून सांग."

"कॅलेंडरमा ऱ्हास ना, ताई," तो म्हणाला, आणि केळीकडे जायच्या घाईत फोन ठेवून दिला.