मागच्या खोलीतला गोवा

मी नाशिक अजून पुरतं पाहिलेलं नाही, तरी एक गोष्ट धाडस करून सांगतो: आमच्या घरमालक काकांइतका माशांनी बांधून ठेवलेला माणूस या शहरात दुसरा नसेल. मी नांदगावकडचा, आमच्या घरातून कॉलेजला गेलेला पहिलाच. इंदिरानगरमध्ये त्यांच्या गच्चीवरच्या खोलीसाठी आलो तेव्हा वाटलं, काका गाव विचारतील, शिक्षण विचारतील. त्यांनी विचारलं, "काचेवर टकटक करायची सवय आहे का?" मी नाही म्हणालो आणि खोली मिळाली.

दिवाणखान्यातल्या टाकीत त्यांचे गोल्डफिश. सगळ्यांत मोठ्याचं नाव साहेब. आयुष्यभर कचेरीत साहेबांपुढे उभं राहिल्यावर निवृत्तीनंतर घरी स्वतःचा साहेब पाळणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. काकूंनी ठेवलेला चहा गार झालेला त्यांना कळत नसे, पण टाकीतला थर्मामीटर ते येता-जाता बघत. फोडणी देताना काकूंनी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं, कारण साहेबांना धूर चालत नाही. आत काकूंना ठसका लागला तर लागू दे. लग्नाचं बोलावणं आलं की काका हळहळत म्हणत, "आलो असतो हो, पण घरी मंडळी आहेत." बोलावणाऱ्यांना वाटे, काकूच आजारी असतील.

त्या काकूंना समुद्र बघायचा होता. येवल्याच्या माहेराहून नाशिकच्या सासरी, एवढाच त्यांचा प्रवास. दर उन्हाळ्यात गोव्याचं ठरे आणि दर उन्हाळ्यात साहेबांना काहीतरी होई. यंदा त्यांनी परस्पर तिकिटंच काढून आणली. म्हणाल्या, "तुम्ही येत नसाल तर मी एकटी जाते. परत यायचं की नाही, ते समुद्र बघून ठरवीन."

काका हादरले. मासे माझ्यावर सोपवायचं ठरलं, पण आधी तालीम. काकांनी बॅग भरली, बूट घातले आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. "आता आम्ही गोव्यात," ते आतून म्हणाले. मी दाणे टाकायचे आणि त्यांनी फोनवरून सूचना द्यायच्या. त्यांचा आवाज भिंतीतून आधी यायचा, फोनमधून नंतर.

"चिमूटभर! शेतात खत टाकतोस तसं नको."

"हो काका."

"आणि काकूला म्हणावं, चहा आण."

"गोव्यातही चहा मीच आणायचा?" काकू स्वयंपाकघरातून कडाडल्या. "मग मी तिथं जाऊन वेगळं काय करणार?"

संध्याकाळी काका गोव्याहून परतले, म्हणजे दार उघडून बाहेर आले. मासे मजेत होते. साहेब माझ्या बोटामागे काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता. मला वाटलं, शाबासकी मिळेल. काका बघत राहिले. "कोणाच्याही मागे जातो लेकाचा," एवढंच म्हणाले आणि बूट काढत बसले. काकूंच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण काकांचा चेहरा बघून त्या चहा ठेवायला आत वळल्या.

शेवटी ते खरंच गेले. पहिल्याच दिवशी किनाऱ्यावरून फोन. दाणे, हवेचा पंप, थर्मामीटर, सगळं विचारून झालं. मग काका म्हणाले, "मला शोधतात का रे साहेब?"

साहेब खाऊन निवांत फिरत होता. मला खोटं नीट बोलता येत नाही. पण नाशिकमधले माझे सुरुवातीचे दिवस आठवले. तेव्हा मीही घरी फोन करून आमच्या शेळीबद्दल हेच विचारलं होतं, आणि आई म्हणाली होती, "लय शोधती रे. दाराकडंच तोंड करून उभी ऱ्हाती." सुट्टीत गेलो तेव्हा ती खरंच तशी उभी होती. तिचा चारा दाराला बांधलेला होता.

"शोधतात, काका," मी म्हणालो. "काचेपाशीच आहेत."

पलीकडे नुसत्या लाटा. मग, "मी म्हणत होतोच," आणि त्यांच्या मागून काकू, "झालं समाधान? आता तरी पाय बुडवा. का आधी थर्मामीटर घालू?"

फोन बंद करायला ते विसरले असावेत. "अगं, गार आहे!" असं काका ओरडले आणि काकू हसल्या, खळखळून. मी इतके दिवस त्या घरात राहतोय, पण ते हसू मी कधी ऐकलं नव्हतं. फोन हळूच बंद करून मी टाकीपाशी बसलो. साहेब काचेजवळ आला, माझं बोट दिसेना तशी वळून निघून गेला.