घोडीवरून उतरलेला सोपान

सोपान गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायणगावला टोमॅटोच्या बाजारात होतो. त्याचा मेहुणा बोलत होता. माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं, “घोडीवरनं पडला का?”

“न्हाई ओ भाऊ... अंगणात बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणले, हृदय बंद पडलं.”

महिना उलटला, पण ते उत्तर अजून पचत नाही.

महाळुंगे पडवळचा हा माझा दोस्त शर्यतीत बैलगाड्यांपुढं घोडी पळवायचा. बैल सुटले, की धुरळ्यात त्याची वाकलेली पाठ दिसायची... ऐन चाळिशीत हृदयाची झडप बदलून धातूची बसवली, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागं लागली. गोळी जास्त झाली तर रक्त थांबत नाही, कमी झाली तर झडपेवर गाठ धरते. म्हणून मंचरच्या दवाखान्यात सिस्टर रक्त घ्यायची, रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा कॉम्प्युटरात भरायची. कोणत्या वारी किती गोळी, पुन्हा कधी यायचं, ते पडद्यावर उमटायचं. डॉक्टरीणबाई ते बघून होकार द्यायच्या. सोपानला खुर्चीत धड बसवायचं नाही. “ताप, जखम, दुसरं औषध, समदं इचारतंय. घोडीचं काय न्हाई का त्यात?”

“घोडीचं मला विचारा,” बाई म्हणाल्या. “बसायचं नाही.”

तरी एका यात्रेला तो बसलाच. घसा धरला म्हणून गावातल्या डॉक्टरकडून गोळ्या घेतल्या होत्या. सकाळी रक्त देताना सिस्टरला तेवढं सांगितलं नि थेट शर्यतीचा घाट गाठला. फेटा बांधून त्यानं मांड टाकली आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचा, मंगलवहिनींचा फोन वाजला; दवाखान्यातून सिस्टर होती. घशाच्या गोळ्यांनी आकडा भलताच वर गेला होता. कॉम्प्युटरनं धोक्याची खूण दाखवली होती : आजची गोळी बंद, ताबडतोब आणा. वहिनी गर्दीतून वाट काढत गेल्या आणि त्यांनी लगाम धरला.

“उतरा.”

“अगं, बारी सुटायचीय, गाडा जुंपलाय!”

“रगताचं पाणी झालंय तुमच्या. उतरा, न्हाईतर मी हितंच बसते.”

सगळा घाट बघत होता. सोपान उतरला. मंचरपर्यंत जीपमध्ये त्याचा गुडघा सारखा हलत होता.

पुन्हा तो कधी बसला नाही. घाटात शर्यत पुकारायला माइक घेतला, पण एका जागी उभं राहणं जमेना. वायर पुरेल तिथवर चालत राहायचा. पुढं घोडी विकली; तरी त्या फोनवर माझ्या तोंडी घोडीच आली. गोळी मात्र चुकवली नाही. तो गेल्यावर डॉक्टरीणबाई घरी भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, शेवटचा आकडाही अगदी हवा तसा होता. त्या दिवशी उतरवला म्हणून पुढची वर्षं मिळाली, हे मला कळतं. पण त्या वर्षांत अंगणात येरझाऱ्या घालणारा सोपानही मीच पाहिलाय... माझा जीव कुठंच थाऱ्यावर येत नाही.

परवा गेलो होतो. वहिनी विळीवर कांदे चिरत होत्या. दारात कुणी हाक मारली, तर पातं मिटून, विळी उंच फळीवर ठेवून मगच गेल्या. सोपानला ओरखडा निघू नये म्हणून त्या घरात धारेची वस्तू कधी खाली राहिली नाही. परत येऊन त्यांनी फळीकडं बघितलं.

“आता कुणाला लागायचंय?”

म्हणाल्या खऱ्या, पण विळी काही खाली काढली नाही.