पॅराशूटची घडी

हवाई तळावरच्या सगळ्या वैमानिकांची पॅराशूटं मावशीच्या हातची. घडीत एक सुरकुती दिसली, तरी ती सगळं उलगडून पुन्हा घालायची आणि घाई करणाऱ्याला फाडून खायची. "मावशी, तुमची घडी मोडायची वेळ माझ्यावर न येवो," म्हणत प्रशिक्षक तिला रोज चिडवायचा.

एके सकाळी उड्डाणानंतर थोड्याच वेळात त्याचं विमान कोसळू लागलं. त्यानं ते कसंबसं सावरून धरलं, म्हणून मागे बसलेली शिकाऊ पोरगी पॅराशूटनं बाहेर पडून वाचली. तो विमानाबरोबर गेला.

बरी झाल्यावर पोरगी आली आणि घडी घालत बसलेल्या मावशीचे हात धरून रडू लागली. "तुमच्यामुळे जगले."

"मी नुसती घडी घातली. ती उघडायला वेळ लागतो, तो त्यानं दिला," मावशी म्हणाली. "डोळे पूस, कापड भिजेल. आणि ताठ उभी राहा. त्याच्या हाताखाली शिकलीयस तू."