क्लचची चोपन्न बुचं

आमच्या ह्यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. साधं सोड्याच्या बाटलीतलं जिंजर प्यायलं तरी ह्यांना उचक्या लागायच्या, आणि उचक्या लागल्या की काहीतरी गुन्हा केल्यासारखे माझ्याकडे बघायचे. अशा माणसाला माझ्या वडिलांनी दारुडा ठरवलं होतं. तेही मुंबईत दारूबंदी असताना, म्हणजे दारुडा आणि वर गुन्हेगार.

वडील घाटकोपरच्या एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर. स्थळ मामानं आणलं, पत्रिका जुळली, आईला मुलगा आवडला, मला तर आवडलाच, आणि ऐन वेळी वडील म्हणाले, "मुलगा घेतो, असं कानावर आलंय." कुणाकडून आलंय ते सांगेनात. शेवटी मामानं रेटून लग्न लावलं. वडील मांडवात आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी गेले. जाताना सांगून गेले, "त्याच्या घराची पायरी चढणार नाही." मीही त्यांचीच मुलगी. मीही आईकडून निरोप धाडला, की मग मला घाटकोपरचा रस्ता माहीत नाही.

अशी दोन वर्षं गेली. आई महिन्यातून एकदा अंधेरीला यायची, लाडवांचा डबा ठेवायची, रडायची आणि जायची. मी वरवर ताठ होते. पण खोटं कशाला बोलू, घरात नवी फळी ठोकली तरी मनात यायचं, बाबांनी बघायला हवी होती. बघून नावं ठेवली असती तरी चाललं असतं. ते एकदा माझ्या घरी यावेत, एवढंच मला हवं होतं.

आणि एका सोमवारी आई धापा टाकत आली. "ते म्हणतात, मी यावं असं जावयाला एवढं वाटतंय तर येऊ दे म्हणावं मला न्यायला. रविवारी येतो. एक कप चहा घेईन, काय ते डोळ्यांनी बघेन." मी आईला मिठीच मारली. ह्यांनी मात्र उत्साहाच्या भरात, मला न विचारता, पोस्टकार्ड टाकलं: 'रविवारी सकाळी आठ वाजता मोटारसायकल घेऊन हजर होतो.' पेटीत टाकलेलं कार्ड परत काढता येत नाही, नाहीतर मी काढलं असतं. कारण ती मोटारसायकल त्या घडीला आमच्या चाळीच्या फाटकापर्यंतही जात नव्हती.

मोटारसायकल विलायती. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली. ती का काढली हे लष्कराला कळलं होतं, ह्यांना कळायचं होतं. किक मारली की सुरू व्हायची, आवाज झकास द्यायची. पण गिअर टाकून मूठ पिळली की इंजिन नुसतं बोंबलायचं. सगळी चाळ गॅलरीत यायची आणि गाडी आपली देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या म्हातारीसारखी इंच इंच पुढे.

"इंजिनात दम राहिला नाही," हे म्हणाले. त्याच संध्याकाळी प्लग काढून माझ्या स्टोव्हवर भाजला. मंगळवारी कार्बोरेटर उघडला आणि त्याचं बारीक भोक माझ्या अंबाड्याच्या आकड्यानं साफ केलं. बुधवारी क्लचची तार ताणून घट्ट केली. ती तार जराशी सैलच ठेवायची असते, हे ना ह्यांना ठाऊक ना मला. घट्ट म्हणजे चांगलं, असं आपलं दोघांचंही मत. त्यानंतर गाडी आणखी हळू झाली आणि तिला जळका वास यायला लागला.

मी मशीनवर शेजारणीच्या बाळाचं झबलं शिवत बसले होते. शेवटी मला राहवेना.

"अहो, इंजिन एवढं ओरडतंय म्हणजे दम आहे की त्याच्यात! चाकापर्यंत पोचत नाही, एवढंच. माझ्या मशीनचा पट्टा सैल झाला की काय होतं? खालचं चाक गरगर फिरतं आणि सुई ढिम्म. तेव्हा मी मशीन भाजते का स्टोव्हवर? पट्टा बघते!"

ह्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग "बायकांना मोटारसायकलमधलं काय कळतंय!" असं म्हणाले आणि मुकाट्यानं क्लच उघडायला बसले.

झाकण काढलं, आतलं तेल माझ्या परातीत सांडलं. परात गेली ती गेलीच. आत एकावर एक बसवलेल्या लोखंडी तबकड्या होत्या. त्यांतल्या तीन तबकड्यांना भोकं, आणि प्रत्येक भोकात एक बूच. होय, बाटलीला असतं तसलं बूच! मला आधी वाटलं, लष्करातल्या कुणीतरी थट्टा केली. पण नाही, ती व्यवस्थाच तशी. बुचं लोखंडाला घट्ट धरतात म्हणून इंजिनाची ताकद चाकाला मिळते. आमची बुचं झिजून, जळून काळी ठिक्कर पडली होती. एकेका तबकडीत अठरा. म्हणजे चोपन्न बुचं हवी होती, आणि रविवार चार दिवसांवर.

दुकानदार म्हणाला, विलायतेहून मागवावी लागतील, दोन-तीन महिने धरा. औषधाच्या बाटल्यांची बुचं कंपाउंडरनं मूठभर दिली, ती भोकांतून आरपार खाली पडली. चांगली जाड बुचं फक्त दारूच्या बाटल्यांना. आता दारूबंदीच्या मुंबईत सरकारी कारकुनानं ती मागायची कुणाकडे? ह्यांनी मागितली. सरळ ऑफिसात उभं राहून विचारलं, "कुणाकडे मोठी बुचं आहेत का हो? पन्नासेक लागतील." साहेबांनी आत बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तुमची बायको चांगल्या घरची आहे. तिच्याकडे बघून तरी जपा."

वाट लागली म्हणत मी कपाळाला हात लावला. तेव्हा आमच्या शेजारच्या खोलीत राहणारी ख्रिस्ती मावशी धावून आली. तिचं माहेर मनोरीला. बंदीच्या आधी तिथे लग्नाकार्याला घरोघरी वाइन व्हायची. बाटल्या भंगारवाल्यानं नेल्या, बुचं कोण नेणार? भावाकडे डबाभर पडली आहेत, म्हणाली.

शनिवारी सकाळी मी आणि मावशी मार्व्याहून होडीनं मनोरीला गेलो आणि बिस्किटांचा मोठा डबा भरून बुचं घेऊन परतलो. मार्व्याच्या धक्क्यावर एक हवालदार उभा. निळी अर्धी चड्डी, पिवळी टोपी. पलीकडून दारू येते म्हणून तो सगळ्यांच्या पिशव्या तपासत होता.

"डब्यात काय?"

"बुचं."

"आणि बाटल्या?"

"बाटल्या नाहीत."

"नुसती बुचं? कशाला?"

"मोटारसायकलला."

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "बाई, वीस वर्षं झाली मला या नोकरीत. माणसं बूच फेकतात आणि बाटली लपवतात. तुम्ही बाटली फेकून बूच लपवताय?"

"लपवलंय कुठे? हे काय, तुमच्या नाकासमोर उघडं आहे!" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. मावशी तोंडाला पदर लावून हसायला लागली, त्यानं प्रकरण आणखी बिघडलं.

हवालदाराची पाळी संपत आली होती. "चला," म्हणाला, "दाखवा ती बुचं खाणारी मोटारसायकल." आणि खरंच आला! आधी बस, मग मालाडहून गाडी, आमच्या दोघींच्या मधे हा बसलेला, मांडीवर डबा. गाडीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी अशी नजर रोखून बसले, की कुणाची विचारायची छाती झाली नाही.

घरी ह्यांनी पातेल्यात पाणी उकळत ठेवलं होतं. बुचं गरम पाण्यात मऊ करून मग भोकात दाबायची, असं कुणीतरी सांगितलं होतं. बुचं पाण्यात पडली मात्र, वर्षानुवर्षांची वाइन वाफेबरोबर जागी झाली. खोलीभर असा काही वास सुटला, की ह्यांनी नाकाला रुमाल लावला. हवालदारानं खिशातून वही काढली. "पंचनामा करावा लागेल. पातेलं एक, त्यात बुचं, उकळती..." एवढं लिहून थांबला. पुढे गुन्हा काय लिहायचा ते त्याला सुचेना.

हे तबकडी मांडीवर घेऊन झटत होते. अंगठे लाल झाले तरी बूच आत जाईना. हवालदारानं वही खिशात घातली. मग म्हणाला, "द्या इकडे." त्यानं आपला जाडजूड अंगठा दिला दाबून, आणि बूच टपकन आत बसलं. "अरेच्या!" म्हणाला आणि दुसरं उचललं. चौथ्या बुचाला त्यानं टोपी काढून ठेवली. मग आम्ही रांगेत बसलो: मावशी सुरीनं बुचं कापतेय, हे पाण्यातून काढताहेत, मी आणि हवालदार दाबतोय. चोपन्नांतली एकोणीस त्याची आणि पस्तीस माझी. चहा पिऊन निघताना म्हणाला, "बाई, हे मी चौकीत सांगायचा नाही. माझीच अब्रू जाईल."

आता बसवलेली बुचं पॉलिश-कागदावर घासून एका पातळीत आणायची होती. मी तसं म्हटलंही. पण हे दमले होते. "चालेल," म्हणाले. आमच्या संसाराचं निम्मं नुकसान या एका शब्दानं केलंय.

रविवारी सकाळी गाडी भुर्रकन फाटकाबाहेर गेली, तेव्हा सगळ्या चाळीनं टाळ्या वाजवल्या. मी शिरा केला, ठेवणीतलं पातळ नेसले, बाबांसाठी खुर्ची पुसली. नऊ वाजले. दहा वाजले. खुर्ची मी आणखी तीनदा पुसली. साडेदहाला दोघे आले. हे घामाघूम, गाडी ढकलत. आणि मागे दहा हात अंतर ठेवून वडील, छत्री टेकत, चालत.

वडील अंगणातच थांबले. "मी वर येणार नाही. तुझा नवरा सकाळी सकाळी प्यालेला आहे. असल्फ्याच्या चढावर असा भपकारा आला, की मी चालत्या गाडीवरून उतरलो."

"अहो, असं कसं..." मी ह्यांच्याकडे वळले. ह्यांनी तोंड उघडलं आणि हिक्! उचकी. मग दुसरी. तहान लागली म्हणून साकीनाक्याला जिंजर प्याले होते! सगळी चाळ गॅलरीत जमलेली, आणि हे भर अंगणात उचक्या देताहेत.

माझं डोकंच फिरलं. पदर खोचला, पाना घेतला, तीच परात खाली लावली आणि अंगणात बसून क्लचचं झाकण उघडलं. वरखाली राहिलेली बुचं चढावर घसरून तापली होती आणि आतली मुरलेली वाइन घाम फुटावा तशी बाहेर येत होती. फडक्यात धरून तबकडी काढली आणि वडिलांच्या नाकापुढे नेली.

"घ्या वास! घ्या ना! हीच ना ती दारू? आता ह्यांच्या तोंडाचा घ्या. हा करा हो!"

"हा... हिक्," हे म्हणाले.

वडिलांनी शाळेत मुलांची नखं तपासावीत तसा गंभीरपणे आधी तबकडीचा वास घेतला, मग ह्यांच्या तोंडाचा. "जिंजर," ते म्हणाले.

"जिंजरच!"

त्यांनी फडक्यासकट तबकडी हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. "ही कुणी बसवली?"

"मी. आणि एका हवालदारानं."

त्यांनी तबकडी परातीत ठेवली, वहाणा काढल्या आणि पायरी चढून आत गेले. मी इतकी ओरडत होते, की ते आत गेले हे मला जरा उशिराच कळलं.

हे हात धुवायला नळावर गेले. मी चहा टाकला. हात काळे, पातळाला तेल. वडील खुर्चीवर बसले नाहीत, माझ्या मशीनजवळच्या स्टुलावर बसले. घरभर नजर फिरवली. मग शांतपणे म्हणाले, "मला कुणी सांगितलं नव्हतं."

"काय?"

"तो घेतो, असं. मीच म्हटलं होतं. पगार बरा, घराणं बरं, स्वभाव बरा. नाही म्हणायला दुसरं काही सापडेना."

माझ्या हातातली चहाची बशी तशीच राहिली. आयुष्यभर शेकडो मुलांना खोटं बोलल्याबद्दल छड्या मारलेला माणूस! दोन वर्षं मी त्यांना कठोर म्हटलं, तत्त्वाचे म्हटलं, रात्री उशीत तोंड खुपसून काय काय म्हटलं.

"पण का, बाबा?"

ते मशीनचं चाक बोटानं उगाच फिरवत होते. "तू गेल्यावर मी घरात भांडायचं कुणाशी? तुझ्या आईशी भांडता येत नाही. ती लगेच हो म्हणते."

मला रडू फुटलं, आणि रडताना असा संताप आला, की रडू मधेच थांबलं. मी बशी ठेवली, पदर पुन्हा खोचला आणि सुरुवात केली. अक्षता टाकून न जेवता गेल्यापासून. ते एकेक मुद्दा खोडून काढत होते, आवाज चढवून, माझी वाक्यं सुधारून. हे ओले हात घेऊन दारात आले, आम्हाला बघून घाबरले आणि परत नळावर गेले. चहा उतू गेला, दुसरा ठेवला. दुपारी मी भांडतच वाढलं, ते भांडतच जेवले आणि भात दोनदा मागून घेतला. दिवेलागण झाली तरी आमचं संपलं नव्हतं.