दारफळणीचा सण

सेलूच्या रेल्वे क्वार्टरांत बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, घर आमचं एकच. पप्पा बुकिंग क्लार्क. वर्षातून एकदा, क्षमा मागायच्या दिवशी, आमच्या दाराला आतून कडी लागायची. दारफळणीचा सण. पांढरे कपडे, कडक उपास, बाहेर जायचं नाही, परक्याला शिवायचं नाही. हे मी शेजारच्या मैत्रिणीला केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं!

ती पॉइंट्समनची मुलगी, बौद्ध. महिन्यापूर्वी शाईच्या पेनावरून आमचं भांडण जुंपलं आणि मी बोलून गेले, "तुमच्या घरचं पाणी पितो आम्ही, हेच खूप समज!" शी! अजून अंगावर काटा येतो. ती यायची बंद झाली.

आई रोज सांगायची, "देवाचं देव बघेल. माणसाची माफी माणसाकडेच मागायची, तीही सणाआधी." मी म्हणायची, उद्या. माझं नाक वर ना!

सण उजाडला. भिंतीपलीकडून ट्रंक ओढल्याचा आवाज आला, मागोमाग तिच्या आईचा, "आवर गं, दोनची गाडी हाय!" ती औरंगाबादला नर्सिंगला निघाली होती. मी कडीकडे धावले. पप्पांनी पुस्तकातून मानही वर केली नाही, "बस खाली." उकाड्यानं, उपासानं आणि रागानं जीव नुसता गुदमरत होता. पप्पांची हिब्रू प्रार्थना मला कळत नव्हती. मग मीच मनात एक ओवी जुळवली:

जिभेची मी विळी केली, सईचं मन चिरलं,
देवा, तुझ्या दारी येऊ कशी, तिच्या दारी जायाचं विसरलं.

पुटपुटताना आईनं ऐकलं. म्हणाली, "मोठ्यानं म्हण की. भिंत काय जाड आहे?" मला लाज वाटली. ओठ शिवल्यागत बसून राहिले. दोनची गाडी शिटी देऊन गेली.

दुसऱ्या दिवशी कडी निघताच शेजारी पळाले. तिची आई भाकरी थापत होती.

"लय येळ उभी व्हती गं तुमच्या दाराम्होरं. मी म्हनलं, कडी वाजव. तर म्हनली, नको. आज त्यायला आपन शिवायचं नसतंय."

आता माझ्या घरी तो सण येतो तेव्हा मी उपास धरते, पांढरं नेसते, ती ओवी मोठ्यानं म्हणते. दार मात्र लावत नाही.