हंड्यांची लिंक्ड लिस्ट

डोंबिवलीत आमच्या चाळीला संध्याकाळी पाच ते सहा पाणी यायचं, आणि माझा कॉम्प्युटरचा क्लासही नेमका पाच ते सहा. दोन्ही वेळा ठरवणाऱ्यांनी माझं वाटोळं करायचं आधीच ठरवलं असावं. आईचे गुडघे धरलेले, तिला रांगेत उभं राहवत नसे. पाणी मीच भरायचे. "जा क्लासला," आई म्हणाली, "पण एक दिवस जरी हंडा रिकामा राहिला, तर क्लास बंद." म्हणून मी अर्धा क्लास टाकून रांगेत धावत यायचे.

क्लासात कॉम्प्युटर एकच, त्यामुळे शिकणं बहुतेक फळ्यावर. सर म्हणायचे, प्रोग्रॅममधल्या प्रत्येक ऑब्जेक्टने आपला संसार आपल्यापाशी ठेवावा, दुसऱ्याच्या घरात डोकावू नये. चाळीत वाढलेल्या मला हे अजबच वाटलं. मग एकदा त्यांनी लिंक्ड लिस्ट, म्हणजे माहितीची साखळी, शिकवली. रांग लावायची नाही, जो तो आपापल्या जागी, प्रत्येकाला फक्त आपल्यानंतर कोण एवढंच ठाऊक. मी बाकावरून उडालेच.

रविवारी चाळीतल्या बायकांना जमवलं. नळाशी हंडे लावून पायाने ढकलत उभं राहायचं कशाला? हंडा घरात ठेवा. आपलं भरून झालं की आपल्यानंतरच्या घराची कडी वाजवा. कडी वाजल्याशिवाय मात्र कुणी उठायचं नाही. आमचं घर मी शेवटी ठेवलं, उगाच कुणी बोट दाखवायला नको.

पहिले काही दिवस स्वर्गच. नळ आमच्या दारासमोर. आई मटार सोलत बसायची, कडी वाजली की दोन पावलं जाऊन हंडा भरायची. क्लासात सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. त्या दिवशी वीज गेली, क्लास लवकर सुटला, आणि मी तरंगतच घरी आले.

नळ धो धो वाहत होता. जवळ चिटपाखरू नाही. गटार तुडुंब. आणि अर्ध्या चाळीच्या बायका आपापल्या दारात रिकामा हंडा घेऊन, वाहत्या पाण्याकडे बघत शांत बसलेल्या.

"अहो काकू, भरा की!"

"आम्हाला कुठे कुणी बोलावलंय?"

झालं होतं असं, की मधल्या खोलीतल्या काकूंचं आणि त्यांच्या शेजारणीचं दुपारी वाळत घातलेल्या गोधडीवरून वाजलं होतं. अबोला! काकूंनी आपलं पाणी भरलं आणि शेजारणीची कडी वाजवायची सोडून स्वतःचं दार लावून घेतलं.

आमच्या दारात आईही तशीच बसलेली. "आई, ऊठ ना गं!"

"तूच सांगितलंस ना, कडी वाजल्याशिवाय उठायचं नाही म्हणून?"

मी हंडा उचलून नळाखाली धरला, तेवढ्यात नळ घरघरला आणि बंद पडला.

मला रडूच फुटलं. पाण्यासाठी नव्हे, क्लाससाठी. आईने माझ्या हातातला हंडा काढून घेतला. मग म्हणाली, "तुझ्या सरांच्या त्या लिस्टमध्ये दोघींनी अबोला धरला, तर काय करतात?"

"माहीत नाही."

"मग उद्या जाऊन विचार."

दुसऱ्या दिवशी मी क्लासला निघाले तेव्हा नळाशी पुन्हा जुनी रांग लागली होती. आई त्या रांगेत उभी होती, एक हात गुडघ्यावर, पायाने हंडा पुढे सरकवत. "विचारायला विसरू नकोस," ती म्हणाली.